कानाची परीक्षा

तोआ पायोह, सिंगापूर
१२ ऑगस्ट २००६

नंदोबा,

आशीर्वाद तुझ्या खात्यावर कायमचे जमा आहेत, तेव्हा थेट मुद्द्यावर येतो. येत्या एप्रिलात तुझी फौज संपते. मार्चअखेर माझा फोरमन आह सेंग घरी बसतो. तुझी सुलेखामामी याला योगायोग म्हणते. मी म्हणतो, एक जागा रिकामी झाली.

माझं जुरोंगचं वर्कशॉप तू पाहिलेलं नाहीस. पत्र्याची शेड आहे, आठ माणसं आहेत आणि बंदरात लागणाऱ्या बोटींचे आजारी पंप आहेत. आंजर्ल्याहून निघून मी बोटीवर तेलवाला म्हणून चढलो तेव्हा चीफ इंजिनियर काय ओरडतो ते कळायचं नाही, पण इंजिन काय ओरडतंय ते कळायचं. मी इंजिनाचं ऐकत गेलो, म्हणून आज हे दिवस आहेत.

ती सवय अजून सुटत नाही. परवा इथल्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या टपऱ्यांच्या मंडईत, जेवत होतो. नूडलवाल्याचा पंखा कण्हत होता, म्हणून त्याला म्हटलं, अंकल, याचं बेअरिंग या आठवड्यात जाणार. आमची ऋता टेबलाखाली पाय मारून म्हणते, "पा, डोन्ट डिस्टर्ब हिम, लाह!" गुरुवारी पंखा बसला. आता मला नूडल्सवर एक अंडं जास्त मिळतं, आणि ऋताला ते नको असूनही अर्धं द्यावं लागतं.

तर सांगायचं हे की माझ्याकडे सर्टिफिकिटावर कुणाला घेत नाहीत. डोळे मिटायचे, तीन पंप ऐकायचे आणि कुणाला काय झालंय ते सांगायचं. आह सेंगनं ही परीक्षा दिली. सुलेखाच्या सख्ख्या भावानं दिली आणि नापास झाला. त्यावरून मला अजून बोलणी बसतात. मग भाच्याला सूट कशी देऊ? तुझ्यासाठी कॅसेट करून पाठवतो.

तोवर तुझं ते शहर कसं आहे ते लिही. टीव्हीवर सुदान दाखवतात तेव्हा नेमकं तिथलं सगळं गप्प करतात आणि निवेदक बोलत सुटतो. मला आवाज हवेत.

निशिकांतमामा


मलाकाल, दक्षिण सुदान
५ सप्टेंबर २००६

मामा, तुम्हाला आणि मामींना वाकून नमस्कार.

नोकरीचं वाचून राधिकेला फोन केला. ती म्हणाली, मामांच्या हाताखाली राहायचं तर फौज सोडून फायदा काय! पण खूश आहे.

हे शहर नाईलच्या काठावर आहे. वीस वर्षांवर युद्ध चाललं, तह होऊन दीड वर्ष झालं. संयुक्त राष्ट्रांच्या निळ्या टोप्या घालून आम्ही तो तह सांभाळतो आणि आमची इंजिनियर कंपनी जमेल ते दुरुस्त करते. अजून दोन्ही बाजूंचे शिपाई याच शहरात आहेत. एकाच चहावाल्याकडे येतात, पण वेगवेगळ्या बाकांवर बसतात.

पळालेले लोक नदीमार्गे परत येताहेत. मामा, ते आधी काय आणतात सांगू? दार. घराला भिंती नसतात, छप्पर नसतं, पण माणूस डोक्यावर दार घेऊन चाललेला असतो. एकानं दार आधी उभं केलं, कुलूप लावलं आणि मग भिंतीसाठी माती आणायला गेला.

आता आवाज. आमचा जनरेटर सकाळी सुरू होताना हर्णैच्या बंदरात लाँच उलटी घेतात तसा खोकतो. रविवारी चर्चमध्ये गातात. आपल्या आरतीत एक जण टाळ घेऊन सगळ्यांच्या पुढे पळत असतो ना, तसा इथे एक म्हातारा आहे. पाण्यावर बायका भांडतात. भाषा मला कळत नाही, पण चाल आंजर्ल्याच्या नळावरचीच आहे: कोण आधी आलं होतं, एवढा एकच मुद्दा.

भांडण व्हायचंच, कारण शहराचा मोठा पंप बंद आहे. लोक गाढवाच्या गाडीवरून नदीचं पाणी पिंपांत भरून आणतात. पाण्याच्या टाकीला गोळ्यांची भोकं आहेत आणि त्यांत लाकडी खुंट्या ठोकल्या आहेत. हा पंप दुरुस्त करण्याचं काम माझ्याकडे आलं आहे.

सोबत ओयाय म्हणून इथला जुना पंपवाला आहे. साठीचा, ताडमाड उंच. पंपाच्या पोटातलं पाणी फेकणारं चाक त्यानं युद्धभर आपल्या खाटेखाली पुरून ठेवलं होतं. दोन्ही बाजूंचे कमांडर येऊन विचारायचे, चाक कुठे आहे? हा प्रत्येकाला सांगायचा, ते तर त्या दुसऱ्यांनी नेलं. दोघांनाही लगेच पटायचं.

कॅसेटची वाट बघतो.

आपला नंदू


तोआ पायोह
३ ऑक्टोबर २००६

नंदोबा,

तुझं पत्र मी घरात मोठ्यानं वाचलं. दारांची गोष्ट ऐकून सुलेखा थबकली आणि म्हणाली, "आपण हा फ्लॅट घेतला तेव्हा तुम्ही आधी काय आणलं होतं?" मी पंपाचा नमुना आणला होता. तो अजून बाल्कनीत आहे.

ओयायसारखा माणूस मला जुरोंगमध्ये पाच वर्षांपूर्वी मिळाला असता तर आज माझ्या दोन शेड असत्या. त्याला नमस्कार सांग.

सोबत कॅसेट आहे. तीन पंप, प्रत्येकाला दोन-दोन मिनिटं. आवाज कसा आहे ते तुझ्या शब्दांत लिहायचं आणि मग बिघाड सांगायचा. तिसरा नीट ऐक. त्याच्यावर सुलेखाचा भाऊ घसरला होता. तुझ्या वर्क पासचा, म्हणजे नोकरीच्या परवान्याचा, अर्ज इथल्या सरकारकडे मार्चअखेरपर्यंत जायला हवा. कागद भरून ठेवलाय, सही बाकी आहे. ती तुझ्या उत्तरानंतर.

मामा


मलाकाल
२० डिसेंबर २००६

मामा, नमस्कार.

पत्राला उशीर झाला. नोव्हेंबरच्या अखेरीला इथे काही दिवस लढाई झाली, तुम्ही वाचलं असेल. ते दोन बाक एकमेकांवर उठले. आता शांत आहे. आमच्यातले सगळे आहेत.

शहर पुन्हा पहिल्यासारखं दिसतं, म्हणजे मी आलो त्याच्याही आधी दिसत असेल तसं. कडुलिंबांची पानं सगळी खाली पडली आहेत. इथे पानगळ नसते. ती गोळ्यांनी उतरवली. एका झाडावर लोखंडी खाट अडकली आहे, ती तिथे कशी गेली कुणाला सांगता येत नाही. छपरांवर मोठाले टकले करकोचे ओळीनं बसून असतात. रस्ते धुऊन झाले तरी वास जात नाही.

दारं गेली. ज्यांनी आणली होती ते ती पुन्हा डोक्यावर घेऊन होडीत बसले.

पंपघराची एक भिंत पडली, पंप वाचला. टाकीला नवी भोकं पडली आहेत आणि ओयाय बसून नव्या खुंट्या तासतो आहे. कॅसेट मिळाली. सवड मिळाली की ऐकतो.

नंदू


तोआ पायोह
१० जानेवारी २००७

नंदोबा,

इथल्या पेपरात तुझ्या लढाईला बोटभर जागा मिळाली, ती मी कापून ठेवली. सगळे आहेत हे तू लिहिलंस, पण कसे आहेत ते लिहायला विसरलास.

राधिकेचा फोन आला होता. म्हणाली, "मामा, हे हल्ली फोनवर ओरडून बोलतात, आणि मी एक विचारते तर हे भलतंच सांगतात. मी म्हटलं गाय व्याली, तर म्हणाले, हो, घे दुरुस्त करून." तिच्या मते लाइन खराब आहे. सुलेखा म्हणते, लढाईवरून आलेल्या माणसाचं चित्त ठिकाणावर नसतं, त्याला शिरा खाऊ घालायला हवा. मी राधिकेचं धरलं. उपग्रहावरून फिरून येणारा फोन तो, गायीचं इंजिन झालं तर नवल नाही.

आह सेंगनं त्याचा चहाचा मग घरी नेला. म्हणजे तो खरंच जाणार. गेल्या आठवड्यात एक चिनी पोरगा परीक्षेला आला होता, चांगला होता. मी त्याला थांबवून ठेवलंय. उत्तर पाठव.

मामा


मलाकाल
२ फेब्रुवारी २००७

मामा, नमस्कार.

राधिकेला सांगा, लाइनच तशी आहे. गायीचं ऐकून आनंद झाला.

उत्तरं पुढीलप्रमाणे.

पहिला पंप: पाणघोडा पाण्याखालून वर येऊन नाक शिंकरतो, तसा आवाज. म्हणजे पाणी ओढणाऱ्या बाजूनं कुठूनतरी हवा शिरते आहे.

दुसरा: टकला करकोचा भांडताना चोच आपटतो तसा. पंपाला पुरेसं पाणी मिळत नाही, त्यामुळे आत बुडबुडे फुटून चाक खाल्लं जातंय.

तिसरा: वंगण नसलेलं गाढवाच्या गाडीचं चाक. म्हणजे बेअरिंग सुकलं आहे.

पंपघराची भिंत उभी राहिली. चार-पाच दारं परत आली आहेत. सही केलीत की कळवा.

नंदू


तोआ पायोह
२४ फेब्रुवारी २००७

नंदोबा,

पहिली दोन उत्तरं बरोबर. तिसरं अर्धं बरोबर. पण मी सही केलेली नाही, कारण ही उत्तरं कुणाची ते मला ठाऊक नाही.

अरे, सप्टेंबरात तू त्या जनरेटरमध्ये हर्णैची लाँच ऐकलीस. चर्चमध्ये आरती ऐकलीस, पाण्यावर आंजर्ल्याचा नळ ऐकलास. नाईलच्या काठी उभा राहून तुझ्या कानात सगळं दापोली तालुक्यातलं. आणि आता अचानक पाणघोडा, करकोचा आणि गाढव? आपल्या गावात गाढव म्हणून जो प्राणी ओळखला जातो तो दोन पायांवर शाळेत जायचा आणि आज सिंगापुरात पंप दुरुस्त करतो. माणूस कुठेही जातो, कान लहानपणीचेच नेतो. हे तीन आवाज नदीकाठी जन्मलेल्या माणसानं ऐकलेत. ओयायला शंभरपैकी नव्वद.

मग मी तुझी सगळी पत्रं काढून ओळीनं मांडली. नोव्हेंबरनंतर त्यांत झाडं आहेत, खाट आहे, वास आहे. आवाज एकही नाही. नुसता भुंगासुद्धा नाही. आणि मी, जो नूडलवाल्याच्या पंख्याला सोडत नाही, तो दीड महिना उपग्रहाला दोष देत बसलो.

गोड बोलायचं ते सुलेखा बोलेल, मी सरळ लिहितो. ज्याला पंप ऐकू येत नाही त्याला मी फोरमन करणार नाही. आठ माणसांची बोटं त्याच्या कानावर अवलंबून असतात. हे तुलाही ठाऊक होतं, म्हणून तू लपवलंस. पण बहिरा असणं आणि कानाचा पडदा फाटणं या दोन गोष्टी आहेत, आणि तुझी कोणती ते आधी बघू.

माझ्या पहिल्या बोटीवर दाभोळचे हसनचाचा होते. लहानपणापासून दोन्ही कान फुटलेले. हाका मारून घसा बसायचा, वळून बघायचे नाहीत. पण इंजिनात खुट्ट झालं की चीफ त्यांनाच बोलवायचा. चाचा हातोड्याचा दांडा इंजिनाला टेकवायचे आणि दुसरं टोक दातांत धरायचे. दात हाडात बसलेले आणि कानाचं आतलं घरही त्याच हाडात. पुढचं दार मोडलं असलं तर मागच्या दारानं जायचं.

तर एक काठी घे, सुकी, सरळ. एक टोक पंपाला टेकव, दुसरं दातांत घट्ट धर. मोटर आणि पंप जोडणाऱ्या फिरत्या कपलिंगपासून लांब उभा राहा, दात मला शाबूत हवेत. मग जे ऐकू येईल ते लिही. काही आलं नाही तर तेही लिही. चिनी पोराला मी मार्चअखेरपर्यंतच थांबवू शकतो.

मामा


मलाकाल
१४ मार्च २००७

मामा,

हे पत्र रजेवर निघालेल्या आमच्या सुभेदारांबरोबर देतो. ते मुंबईहून कुरिअर करतील.

तुमचं खरं आहे. भिंतीपलीकडे गोळा पडला. तो पडल्याचं मी ऐकलं आणि त्यानंतर काहीच ऐकलं नाही. दोन्ही पडदे गेले. डॉक्टरसाहेब म्हणतात, उजवा आपोआप थोडा भरतोय, डाव्याचं ऑपरेशन पुण्याला होईल. राधिकेला सांगितलं नाही, कारण ती तुम्हाला सांगेल. तुम्हाला सांगितलं नाही, कारण तुम्ही सही करणार नाही; किंवा भाचा म्हणून कराल, ते त्याहून वाईट.

आवाजांशिवाय हे शहर कसं दिसतं सांगू? लोक दार घेऊन परत येतात, उभं करतात, हातोडा वर जातो, खाली येतो, मधे काहीच नाही. पुन्हा उभं राहणारं गाव मी महिनोन् महिने काचेतून बघत होतो. बायका पाण्यावर हातवारे करून भांडायच्या आणि कोण जिंकलं ते मला कळायचं नाही. त्या दिवसांत तेच फार खटकायचं.

कॅसेट ओयायला ऐकवली होती. तो बोलतो अरबी, आमचा दुभाषी ते पाटीवर लिहून दाखवायचा. बिघाड मी ओळखले, कान त्याचे. पकडला जाईन असं वाटलं नाही. पाणघोड्यावर तर मी खूश होतो.

तुमचं पत्र आलं त्याच आठवड्यात पंप पहिल्यांदा चालवून बघायचा होता. काठी कडुलिंबाची घेतली, कारण लढाईनं तोडलेल्या फांद्या ढिगानं पडल्या आहेत. पंपघराबाहेर पिंपं घेऊन गर्दी होती. मी काठी पंपाला टेकवली, दुसरं टोक दातांत धरलं. इथले लोकही काडीनं दात घासतात. ओयायनं नंतर सांगितलं, सगळ्यांना वाटलं, हा हिंदी शिपाई पंपाच्या मदतीनं दात घासतोय. आतापर्यंत त्यांनी आमची पुष्कळ यंत्रं पाहिली, पण एवढ्या कौतुकानं एकही नाही.

तोंड कडू झालं. आधी नुसता थरथराट. डोळे मिटले. मग मामा, आला. बारीक, डोक्याच्या आतून. आपल्या पोफळीच्या बागेत पाणी लावायचे तेव्हा रहाट फिरायचा ना? भरलेली गाडगी वर येताना एक हुंकार आणि रिकामी खाली जाताना एक करकर. अगदी तसा. एका हुंकारानंतर किंचित अडखळत होता, एखादं गाडगं ढिलं असावं तसा. मी हात वर करून पंप थांबवला. चाकाला दांड्यावर घट्ट धरणारी चावी, म्हणजे पाचर, ढिली होती. तशीच चालवली असती तर ओयायनं युद्धभर जपलेलं चाक दुपारपर्यंत फुटलं असतं.

ती बसवून पुन्हा सुरू केला. पाणी टाकीत चढलं आणि जुन्या-नव्या सगळ्या खुंट्यांच्या कडेनं पाझरायला लागलं. बायका पिंपं घेऊन धावल्या आणि लगेच भांडण सुरू झालं. मी काठी टाकीच्या पायाला टेकवून ते ऐकायला गेलो, पण तसं नाही ऐकू येत. उजव्या कानात मात्र काहीतरी गुणगुणलं. कोण आधी आलं होतं, तेच असणार.

आता तिसरा पंप. टेपरेकॉर्डरच्या डब्याला काठी लावून पुन्हा ऐकला. पंप ठणठणीत आहे. त्याला काहीही झालेलं नाही. ओयाय म्हणाला गाडीचं चाक, तर ते खरोखरच चाक आहे. तुमच्या शेडमधून कुणीतरी हातगाडी ढकलत नेतंय, जवळून लांब. ओयायनं ऐकलं ते सांगितलं, मी शहाणपणानं त्याचं बेअरिंग केलं. पंप कशाला खोलता मामा, हातगाडीला तेल घाला.

राधिकेला मी पत्रानं सगळं कळवलं आहे. सहीचं तुम्ही ठरवा. चिनी पोरगा चांगला असेल तर त्याला घ्या, मला वाईट वाटणार नाही. थोडं वाटेल.

नंदू


तोआ पायोह
२८ मार्च २००७

नंदोबा,

रहाटापर्यंत वाचलं आणि कागद बाजूला ठेवून पेन शोधायला गेलो. कान कुणाचे ते तिथेच कळलं. सही करून आल्यावर पुढचं वाचलं. तिसऱ्याचं उत्तर वाचून आह सेंगला फोन केला. त्याला ते ओळखायला दोन दिवस लागले होते. तो म्हणतो, हू इज दिस फेलो? मी म्हटलं, माझ्या बहिणीचा मुलगा, दातांत काठी धरून ऐकतो. तो म्हणाला, "गुड. कॅनॉट टॉक बॅक, लाह."

अर्ज आज गेला. आधी पुण्याला ऑपरेशन, मग महिनाभर राधिकेकडे, आणि मग इकडे. तोवर त्या चिनी पोराला ठेवलंय. तुझ्या हाताखाली राहील. त्यालाही ओयायची गोष्ट सांग, चाकाला जपायला शिकेल.

सुलेखा बाल्कनीतला पंपाचा नमुना हलवायला लागली आहे. तुझ्यासाठी खोली करते आहे. पहिली गोष्ट काय आणली ठाऊक आहे? दार. जुनं घासत होतं म्हणे. घासत नव्हतं, मी त्याच्याजवळून रोज जातो, मला ऐकू आलं असतं. पण नव्याच्या बिजागऱ्यांना तेल मीच घातलं.

ती कडुलिंबाची काठी टाकून देऊ नकोस, येताना घेऊन ये. आणि हातगाडीला मी तेल घातलेलं नाही. पहिल्या दिवशी तू शेडमध्ये पाय ठेवशील तेव्हा तिला तुझ्या उजव्या कानाजवळून नेऊ.

मामा